तुमची ची आणि माझं पडणं

मारोतीभाऊ,

तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर माझं सगळं बोलणं दोन शब्दांत आटपायचं. हो भाऊ. चहा घेतो का, हो भाऊ. गुडघा दुखून राह्यला का, हो भाऊ. ची लागली का, हो भाऊ. आता तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून जरा लांब बोलतो. राग आला तर गिळून घ्या. तुम्हीच शिकवलंय, राग आला की नाभीखाली ढकलायचा.

तुम्हाला पोहोचवायला निघालो तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता. क्लासची जुनी-नवी सगळी पोट्टी पांढऱ्या ड्रेसमध्ये आली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. नव्यांचं ठीक होतं. पण जुन्यांनी ट्रंकेतून काढलेले ते तुमच्या हातचे ड्रेस, मैद्याच्या पोत्याच्या कापडाचे, आता कोणाच्या पोटावर बसत नव्हते. आमच्यातल्या एकाच्या पाठीवर अजून पोत्याचा निळा शिक्का पुसट दिसत होता. पट्टे बांधलेले, पाय अनवाणी आणि डोळे सुजलेले, असे आम्ही मूल गावाकडच्या रस्त्यानं चाललो. समोरून एस.टी. आली ती थांबली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "कोन्ती रॅली होय जी?"

"रॅली नाई. आमचे मारोतीभाऊ गेले," एकानं सांगितलं.

कंडक्टरनं तिकिटाची मशीन बगलेत धरून हात जोडले. मग जरा थांबून विचारलं, "तेच ना, हात न लावता मानूस पाडनारे?"

हो, तेच, असं सगळे म्हणाले. मी तिरडीच्या पुढच्या दांडीला होतो. तुमचं वजन खांद्यावर होतं आणि मला वाटलं, आता हा कंडक्टर विचारेल की मग पडत कोण होतं. त्यानं विचारलं नाही. कोणीच कधी विचारलं नाही, भाऊ. सगळी अडचण तीच झाली.

पडत मी होतो.

तुम्हाला आठवत असेल, मी क्लासला आलो तेव्हा राईस मिलच्या काट्यावर नवीन लागलो होतो. दिवसभर धानाचे ट्रॅक्टर तोलायचे आणि संध्याकाळी खोलीवर भिंतीकडे बघत बसायचं, असं माझं चाललं होतं. शर्ट शिवायला तुमच्या दुकानात आलो. तुम्ही खांद्याचं माप घेतलं आणि टेप गळ्यात टाकून म्हणालात, "शर्ट शिवून देतो, पण आत खांदाच नाई तर शर्ट काय करन? सकाळी तलावाच्या पाळीखाली ये." दुसऱ्या दिवशी मी आलो, आणि मग येतच राहिलो.

तलावाखालच्या त्या सपाट जागेवर तुम्ही काय काय शिकवलं. कोळशाच्या खाणीकडच्या कुठल्याशा कॉलनीत एका उस्तादाकडे काही महिने काढलेले, बाकी व्हिडिओवर पाहिलेल्या पिक्चरांवरून स्वतःच जुळवलेलं. अर्धं कराटे, अर्धं कुंगफू, आणि थोडी आपल्या आखाड्यातली माती. पण पाठ ताठ कशी ठेवायची, पाय कुठं रोवायचा, मार कसा चुकवायचा, यात तुम्ही पक्के होतात. पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळी वाळत घालणारी माणसं बिडी ओढत आमचा तमाशा बघायची. आणि मग तुम्ही ची, म्हणजे पिक्चरातली ती अंगातली न दिसणारी ताकद, सुरू केली.

"बेंबीच्या दोन बोटं खाली चूल असते," तुम्ही म्हणायचात. "श्वास म्हंजे फुंकनी. फुंकत राह्यलं का इस्तव खांद्यातून हातात येते. मग हात लावाचं कामच नाई." पहिल्याच दिवशी कोणी तरी मागून विचारलं, "कोनाची ची, भाऊ?" तुम्ही त्याला उठाबशा काढायला लावल्या आणि पाठ वळवून स्वतः हसलात. मी कडेला होतो, मला दिसलं.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला ओळीनं उभं केलं आणि चार पावलांवरून पंजा पुढे केला. कोणी हललं नाही. पाळीवरून आवाज आला, "भाऊ, इकडं तलावात सोडा ना ची, जाळं टाकाची मेहनत तरी वाचते." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. कपाळावर घाम आलेला, आणि तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघत होतात. परीक्षेचा निकाल लागताना पोरगं बोर्डाकडे बघतं ना, तसं.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुम्हाला कधी सांगितली नाही. क्लासला यायच्या आधी मी आमच्या गावच्या नाटक मंडळात शिपाई व्हायचो. झाडीपट्टीतल्या नाटकात शिपायाला संवाद नसतो, त्याचं काम मरायचं. तलवार यायच्या आधी पडलं तर लोक हसतात, उशिरा पडलं तर राजाचं काम करणारा चिडतो आणि आत गेल्यावर शिव्या घालतो. मी वेळेवर पडायचो. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, डोकं सगळ्यात शेवटी. आमच्या गावात माझं एवढंच नाव होतं.

तर तुमचा पंजा माझ्यासमोर आला, आणि मी पडलो.

का पडलो ते नीट सांगता येत नाही. या माणसाला आत्ता कोणी तरी पडलेलं पाहिजे, एवढं कळलं. मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही माझ्यावर वाकला होतात आणि तुमच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा एकदाच पाहिलं, तुमची वैशू जन्मली तेव्हा. तुम्ही म्हणालात, याचं मन साफ आहे म्हणून याला लागली. झालं. पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांची मनं साफ झाली. कोण कशाला मागे राहील? मैद्याच्या पोत्यातली ती सगळी फौज तुमच्या पंजासरशी धानाच्या पेंढ्यांसारखी आडवी व्हायला लागली.

तुम्ही म्हणाल, मग एवढी वर्षं क्लासला कशाला आलास? तर ऐका. तुमच्या त्या चुलीच्या पायी किती पोट्ट्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. "खर्रा खानाऱ्याची ची थुकीतून वाहून जाते," असं तुम्ही एकदा बोललात आणि पुढच्या आठवड्यात पानठेलेवाला तुमच्या दुकानात भांडायला आला. डॉक्टरांनी सांगितलं, शाळेत चित्रं लावली, काही झालं नाही. तुमच्या एका वाक्यानं झालं. मीही तेव्हाच सोडला. माझी बायको ची मानत नाही, पण तुमच्या तेरवीला तिनं मला सांगून ठेवलं, त्या माणसाचे पाय तुम्ही धरले नाहीत तेवढे मी मनातून धरलेत.

आणि तुमच्याशी भांडण? ते तर राहूनच गेलं. म्हणजे तुमच्या बाजूनं ते रोज व्हायचं, माझ्या बाजूनं कधीच नाही. माझ्या गप्प राहण्यात तुम्हाला कुठंतरी शंका दिसत असावी, कारण तुम्ही आपणहून उत्तरं द्यायचात. मशीन चालवता चालवता म्हणायचात, "लाईनमनले विचार, करंट पाह्यला का तुनं? नाई पाह्यला. पन हात लाव म्हनलं तर लावते का?" मी म्हणायचो, हो भाऊ. "तू धान तोलते. ची तोलता येत नाई म्हनून ती नाई का?" हो भाऊ. मनात म्हणायचो, भाऊ, करंट लागला की माणूस आपल्या वेळेवर पडत नाही, करंटच्या वेळेवर पडतो. मी तुमच्या पंजाकडे बघून पडायचो. एकदा तुम्हाला शिंक आली, पंजा भलतीकडे गेला, आणि तरी आम्ही पडलो, आठवतं? तुम्ही म्हणालात, शिंकेत पण जोर आहे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग ती मंडई आली.

दिवाळीनंतरची, वैनगंगेपलीकडच्या गावची जत्रा. रात्री नाटक होतं आणि दुपारी त्याच स्टेजवर आपला कार्यक्रम. मागे राजदरबाराचा पडदा लागलेला, त्यासमोर आपण पांढऱ्या ड्रेसमध्ये. तुम्ही कपाळानं छपराचे कवेलू फोडले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग माईकवर तुम्ही आव्हान दिलं की, पब्लिकमधून कोणीही या. आलापल्लीच्या आतल्या भागातून सासुरवाडीला आलेला रैनू नावाचा एक तरणा गडी उठला. सासरच्यांनीच त्याला ढकलून वर पाठवला होता, जावयाची गंमत बघायला. उंचापुरा, शांत. लोकांकडे बघून हसला आणि तुम्ही सांगितलं तिथं जाऊन उभा राहिला.

तुम्ही श्वास घेतला, चूल फुंकली, पंजा पुढे केला. रैनू उभा. तुम्ही एक पाऊल पुढे गेलात आणि पुन्हा पंजा. रैनू उभाच. त्याला वाटलं आपल्याकडून काही राहून गेलं. तो जरा पुढे वाकला आणि अगदी हळू, अदबीनं म्हणाला, "भाऊ, पडू का जी?"

हळू म्हणाला, पण माईक तिथंच होता. सगळ्या मंडईनं ऐकलं. झुल्यावाल्यानं झुला थांबवला. अख्खा गाव हसायला लागला, त्याच्या सासूनं तर पदर तोंडात कोंबला. आणि तुमचा पंजा तसाच हवेत. तुमच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा शंका पाहिली, भाऊ. खोटं पकडल्याची ती भीती नव्हती. तुम्ही खोटं कधी बोललाच नव्हता. खरंच असं असेल का, एवढाच प्रश्न होता त्या डोळ्यांत.

मी रैनूच्या मागे, पुढच्या खेळाचे कवेलू हातात घेऊन उभा होतो. मी पडलो. कवेलूंसकट. असा आवाज झाला की हसणारे गप्प झाले. आणि कोणी तरी ओरडलं, "आरपार गेली!" मग काय विचारता. तुम्ही सावरलात, माईक हातात घेतला आणि सांगितलं की, या जावयाचं मन आरशासारखं साफ आहे, म्हणून ची याच्यातून सरळ निघून मागच्याला लागली. आपल्या क्लासमध्ये साफ मनाचा माणूस पडायचा. त्या दिवशी नियम उलटा झाला, आणि एकालाही खटकलं नाही. टाळ्या थांबेनात.

मला उठवायला रैनूच आला. कवेलूचे तुकडे गोळा करता करता कानाशी म्हणाला, "काऊन जी, मले आधी सांगतलं असतं तर मीच पडलो असतो. तुमाले बुढ्या मानसाले तरास." मी तेव्हा तिशीत होतो, पण चेहऱ्यावर कवेलूची माती असेल.

परत येताना जीपमध्ये तुम्ही पुढे बसलात. पोट्टी मागे गाणी म्हणत होती. पुलाजवळच्या टपरीवर गाडी थांबली, तेव्हा तुम्ही मला खांद्याला धरून बाजूला नेलंत. नदीकडे बघत विचारलंत, "अरुण, खरं सांगजो. तुले लागली का?"

बाकी सगळं मी स्वतःला माफ केलंय. ओळीतलं पडणं, शिंकेचं पडणं, मंडईतलं पडणंही. त्यात खेळ होता, प्रेम होतं, आणि तुम्ही विचारलं नव्हतं. इथं तुम्ही विचारलं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही दोन दिवस जेवला नसता, मग एक दिवस दुकानात हसत म्हणाला असता, जाऊ दे बे, लाथ तर खरी आहे ना आपली. तुम्ही तसे होतात. मी तेवढाही भरवसा तुमच्यावर ठेवला नाही.

मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "लागली भाऊ. इथी."

तुम्ही मोठा श्वास सोडला आणि सगळ्यांना आलुबोंडे सांगितले. मी दोन खाल्ले. तिखट होते. चांगले लागले, हे सुद्धा सांगून टाकतो.

त्यानंतर तुम्ही ची वर असा काही भार टाकलात की विचारू नका. लाथेपेक्षा ची मोठी झाली. शेवटचा म्हणून तुम्ही डाळिंबी पट्टा काढलात, स्वतः शिवून, आणि नियम केलात की ज्याच्या पंजानं समोरचा पडेल त्यालाच तो मिळेल. एक-दोघांना मिळालाही. त्यांच्यासमोर कोण पडलं ते तुम्हाला माहीत आहे.

मग वैशूची पाळी आली.

भाऊ, तुमच्या पोरीसारखी लाथ या दोन जिल्ह्यांत कोणाची नव्हती. चंद्रपूरला, गडचिरोलीला जाऊन तिनं मोठमोठ्या क्लासच्या पोरींना पाडलं, खरंखुरं, हात लावून. ती पट्ट्यासाठी उभी राहिली त्या दिवशी सगळे पालक आले होते. समोर तुम्ही मला उभं केलंत. माझ्यावर तुमचा विश्वास होता. आणि त्याच आठवड्यात माझ्या पोरानं घरी विचारलं होतं, "बाबा, तुमी खोटं-खोटं पडता ना?" मी मनात ठरवलं होतं की आता बस, पुन्हा पडायचं नाही.

वैशूनं पंजा पुढे केला. मी उभा राहिलो. तिनं पुन्हा केला. तिच्या कपाळावर अगदी तुमच्यासारखा घाम आला. मी उभाच. आणखी एक कारण होतं, तेही लिहितो, आता काय लपवायचं. एवढ्या लोकांसमोर पोरीपुढे पडायची मला लाज वाटली.

तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "होईन बेटा, पुढच्या साली." ती म्हणाली, हो बाबा. पुढच्या साली तिनं विचारलं नाही, त्याच्या पुढच्या सालीही नाही. ती बारक्या पोरांना पाय रोवायला शिकवत राहिली. ची चा विषय निघाला की पाण्याची बाटली भरायला जायची. खरं वागायचं धाडस मी आयुष्यात एकदा केलं, ते तुमच्यावर करायला हवं होतं. मी ते तुमच्या पोरीवर केलं. आणि तिला का ते सांगितलंही नाही.

तेरवी झाल्यावर संध्याकाळी सगळे तुमच्या अंगणात बसले. क्लास कोण चालवणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, वैशूच. तिनं खाली बघत सांगितलं, "काका, मले ची नाई. तुमीच तर पाह्यलं ना." सगळ्यांना ते पटलं. कोणी म्हणालं की मग बंदच करू, भाऊसोबतच गेला क्लास. मी चपला घातल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सुटी टाकून सकाळीच तुमच्या दुकानात गेलो. वैशू तुमच्या मशीनवर बसली होती. शाळा उघडायच्या तोंडावर तुम्ही गेलात, भाऊ, अर्ध्या तालुक्याचे युनिफॉर्म अर्धवट टाकून. भोवती निळ्या पॅंटांचा ढीग. मी स्टुलावर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. शिपायाचं काम, पहिलं पडणं, मंडई, पुलाजवळचा प्रश्न, आणि तिच्यासमोरचं उभं राहणं. मशीन चालूच होती. मध्येच थांबली.

"म्हंजे बाबाच्या हातानं कोनीच नाई पडलं?"

"कोनीच नाई."

"आन् माझ्या वेळंला तुमी..."

"मी फक्त पडलो नाई."

ती धाग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या सालात खरं एकदाच केलं, काका, आन् ते माझ्याच वाट्याले आलं का?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं एक सुई आणि हुकांची पुडी माझ्यापुढे सरकवली. "बसा. त्या पॅंटांले हूक लावा."

मी हूक लावत बसलो. तुम्ही असता तर माझ्या हातून एकही हूक धड लागला असं म्हणाला नसता. बोटात सुई किती वेळा गेली. गिऱ्हाईकं आली, माझ्याकडे बघून गेली. जेवायची वेळ टळली. मग अचानक मशीनवर डोकं टेकवून ती हलायला लागली. मी घाबरलो, भाऊ. तुम्ही पण असंच डोकं टेकवून गेलात ना. उठून जवळ गेलो, तर पोरगी हसत होती.

"तो जावई खरंच तसं म्हनला का? पडू का जी?"

"खरंच म्हनला. माईकवर."

"आन् बाबा म्हनले आरपार गेली?"

"पब्लिक म्हनलं. तुझ्या बाबानं फक्त कारन जोडलं."

ती हसता हसता रडली, मग ओढणीनं तोंड पुसून सरळ झाली. मी म्हणालो, वैशू, पालकांना बोलावून मी सगळं सांगतो, भाऊंची ची खोटी होती म्हणून. तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकलो. तुम्ही तिला दिलेला जोर तिच्या नजरेतही आहे.

"बाबाले खोटं म्हनू नका," ती म्हणाली. "बाबा खोटे नव्हते. खोटे तुमी होते."

इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्याबद्दल आणि माझ्याबद्दल, दोन्ही. मी म्हणालो, हो बाई.

भाऊ, एक मात्र सांगू द्या. तुमचा हात पुढे यायचा तेव्हा माझ्या अंगात काही यायचं का, हे मी फार शोधलं. तुम्ही खरे निघावे म्हणून शोधलं. मुंग्या, गरमी, काही तरी. नाही आलं. पण तुमच्या त्या श्वासामुळे मला आज रात्री झोप लागते, काट्यावर शेतकरी अंगावर येतो तेव्हा माझा आवाज चढत नाही, आणि शर्टात आता खांदा आहे. याला तुम्ही ची म्हणत असाल तर माझं काही म्हणणं नाही. मला आवडलेला उद्योग पहाटे उठून तुमच्याकडे येण्याचा होता. पडणं ही मला त्याची फी वाटायची.

गेल्या रविवारी क्लास पुन्हा भरला. पाळीवर जाळीवाले होते. वैशूनं तुमचा काळा पट्टा लावला नव्हता, डाळिंबीही नाही, तिचा स्वतःचा होता. तिनं सांगितलं की श्वास रोज करायचा, बाबांनी शिकवला तसाच. दुरून ढकलणं आजपासून बंद. का ते विचारलंत तर अरुणकाका सांगतील, पण आधी धडा.

"कोनी पाडलं, तर हाड न मोडता कसं पडाचं, हा पहिला धडा," ती म्हणाली. "अरुनकाका शिकवतील. आपल्या तालुक्यात याहिच्याएवढं चांगलं कोनी पडत नाई."

पोट्टी हसली. पाळीवरचेही हसले. मला वाटलं ही पोरगी सूड घेते आहे. मग तिच्याकडे पाहिलं तर ती गंभीर होती. खरंच शिकवायचं होतं तिला ते. माणूस पडणारच, मग नीट पडू दे, एवढंच. मी मध्ये गेलो. पन्नाशी उलटल्यावर जमीन जरा लांब गेलेली असते, भाऊ. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, डोकं शेवटी. हातानं जमीन थोपटली, धूळ उडाली. टाळ्या पडल्या.

पुढच्या ओळीत एक नवीन पोरगी होती, दात पडलेली. मी झोपलेलाच होतो, ती वाकून बघत म्हणाली, "काका, तुमाले कोनी ढकललं जी?"

वैशू वळून माझ्याकडे बघायला लागली.

"कोनीच नाई बेटा," मी म्हणालो. "मी आपल्या मनानं पडलो."